शेतकऱ्याच्या मुलाची पहिली वही

पेरणीपूर्वीं आपण बियाणें पारखून घेतों. घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवावयाचे, आणि सत्तरांहून कमी उगवले तर बियाण्याचें प्रमाण वाढवावयाचें किंवा दुसरें बी आणावयाचें, हें आतां खेडोपाडीं पुष्कळांच्या अंगवळणीं पडलें आहे. बैल घ्यावयाचा तर त्याचे दांत पाहतों. नवा खोंड एकदम नांगराला न धरतां आधीं हलक्या कामाला जुंपून चालवितों. बियाण्याविषयीं व जनावरांविषयीं एवढी दक्षता बाळगणारे आपण शेतकरी, ज्याच्या हातीं ही सारी जमीन उद्यां जावयाची त्या मुलास मात्र ना पारखून पाहतों, ना आधीं हलक्या ओझ्याला लावतों. बाप डोळे मिटतो त्या दिवशीं सारा गाडा त्याच्या मानेवर येतो. तो गोंधळला म्हणजे आपणच म्हणतों, 'एवढा शिकला, पण व्यवहार कळत नाहीं.' हा दोष कोणाचा याविषयीं चार शब्द लिहावे असें पुष्कळ दिवस आमच्या मनांत होतें.

आम्ही शिक्षणशास्त्राचे जाणते नव्हे. गांवच्या मराठी शाळेंत सातवी इयत्ता पुरी केली, महसूल खात्यांत शिपाई म्हणून लागलों आणि पुढें कारकुनाच्या मेजाशीं बसलों. तेथें हजारों खातेदारांचीं दप्तरें हाताखालून गेलीं. तेथें जें वारंवार पाहिलें आणि स्वतःच्या घरीं जें भोगलें, तेवढ्याच आधारावर हा लेख लिहीत आहों.

बाप वारल्यावर वारसाची नोंद करण्यासाठीं मुलगे कचेरींत येत. त्यांपैकीं पुष्कळ पदवीधर असत. गट नंबर विचारला तर ते एकमेकांकडे पाहत. आठ-अ चा खातेक्रमांक विचारला तर 'तें सगळं दादाच बघायचे' असें उत्तर मिळे. सोसायटीचें कर्ज आहे काय, जमिनीवर बोजा आहे काय, विहिरीचा वीजजोड कोणाच्या नांवें आहे, पीकविम्याची पावती कोठें आहे, या प्रश्नांस तर उत्तरच नसे. अशा वेळीं आम्ही मनांतल्या मनांत हंसत असूं, कीं पहा, एवढे शिकलेले हे लोक आणि यांस घरचा उतारा वाचतां येत नाहीं.

तें हंसणें २००३ सालीं आमच्याच अंगावर उलटलें. त्या वर्षीं वैशाखांत आमचे तीर्थरूप वारले. दिवसकार्य आटोपल्यावर आम्हीं वारसाचा अर्ज केला, आणि आयुष्यांत प्रथमच आपल्या जमिनीचा सातबारा शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. 'इतर हक्क' या रकान्यांत एका बँकेचा बोजा चढलेला होता. तीर्थरूपांनीं १९९६ सालीं विहीर व पंप यांकरितां ६०,००० रुपये नऊ वर्षांच्या हप्त्यांनीं घेतले होते. विहीर आम्हांस ठाऊक होती, पंप ठाऊक होता, कर्ज काढल्याचेंही अंधुक आठवत होतें. परंतु हप्ते नीट चालले आहेत असें आम्ही धरून चाललों होतों. पहिले चार हप्ते त्यांनीं वेळच्या वेळीं भरलेही होते. पुढें छातीचें दुखणें लागलें, पावसानें ओढ दिली, आणि हप्ते थकले. व्याज व त्यावर दंडव्याज असें होत होत येणें सुमारें ४९,००० रुपयांवर गेलें होतें. नोटिसा आल्या होत्या. त्या त्यांनीं देवघराच्या फळीवर, पोथीच्या फडक्याखालीं ठेविल्या होत्या.

आम्ही दरमहा पगार घेत होतों. वर्षाचा एक हप्ता भरणें आम्हांस जड नव्हतें. परंतु आतां सारी रक्कम एकदम उभी राहिली. बैलजोडी विकली, कांहीं रक्कम आम्हीं भविष्यनिर्वाह निधींतून काढली, आणि आईनें हातांतल्या पाटल्या काढून दिल्या. देतांना ती एवढेंच म्हणाली, "साऱ्या गांवाची खाती बघितलीस, आपलं तेवढं राहिलं."

शांतपणें विचार करतां पुढें आमच्या ध्यानांत आलें कीं, आमचें नुकसान कर्जानें झालें नव्हतें. त्या विहिरीनें आम्हांस बागायत दिली आणि तिला आजही पाणी आहे. नुकसान झालें तें न बोलण्यानें. 'मुलांच्या डोक्यास ताप नको' ही तीर्थरूपांची माया होती, आणि 'बापाला पैशाचें विचारणें बरें दिसत नाहीं' ही आमची मर्यादा होती. दोन्ही गोष्टी चांगल्या, परंतु तेवढ्या काळांत व्याज थांबलें नाहीं.

ही खोड आपल्या समाजांत जुनी आहे. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी सावकारांवर उठले, तेव्हां त्यांचा मुख्य रोख वह्यांवर व कर्जरोख्यांवर होता. त्याच कागदांच्या जोरावर दावे लागत, आणि त्यांत काय लिहिलें आहे तें अंगठा करणाऱ्या बहुतेकांस वाचतां येत नसे. पुढें १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठीं कायदा झाला. त्यानें पैसे भरल्याची लेखी पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क शेतकऱ्यास दिला. १९०४ सालीं सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि त्या वाटेनें वही शेतकऱ्याच्या स्वतःच्या सोसायटींत आली. आज वही आपली आहे, अक्षरओळखही घरोघर आहे. तरी पासबुक उघडून चार माणसांत वाचण्याची रीत मात्र आपल्या घरांत पडली नाहीं. ती मुलांपासून पाडली पाहिजे, असें आमचें म्हणणें आहे.

आरंभ मापापासून

यासाठीं वेगळा वर्ग नको आणि पंतोजीही नको. सात-आठ वर्षांच्या मुलास पैसा दाखविण्यापूर्वीं माप दाखवावें. तेहतीस फूट दोरी घेऊन त्याला रानांत न्यावें. दोरीभर लांब व दोरीभर रुंद असा चौकोन त्याच्याकडून खुंट्या मारून आंखून घ्यावा. हा एक गुंठा; असे चाळीस म्हणजे एक एकर. सातबाऱ्यावर मात्र हेक्टर आणि आर लिहिलेले असतात. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, गुंठ्याहून किंचित् लहान, आणि शंभर आर म्हणजे एक हेक्टर. एकदां दोरी धरून बांधावरून फिरलेलें मूल हें जन्मभर विसरत नाहीं. नाहींतर चाळिशी गांठलेले खातेदारही गुंठा आणि आर यांचा घोंटाळा करून भांडत असलेले आम्हीं पाहिले आहेत.

दुसरें माप घरांतलें. महिन्यास ज्वारी किती लागते, तेल किती लागतें, पिठाची गिरणी काय घेते, हें मुलानें आईबरोबर बसून मोजावें. शेतकऱ्याच्या घरीं खरी हिशेबनीस आई असते. फरक इतकाच कीं तिचा हिशेब कागदावर नसून तोंडीं असतो. मुलग्यानें भाकरी थापावी, सदऱ्याचें बटण लावावें, म्हशीची धार काढावी. मुलीनें बाजारांत जाऊन भाव करावा आणि उरलेले सुटे पैसे मोजून परत आणावे. अमुक काम बायकांचें व तमुक पुरुषांचें असें म्हणत बसलेल्या घरांत एक माणूस आजारी पडलें कीं सारें घर अडतें.

हातानें काम करीत शिकावें हा विचार आपल्याकडे नवा नाहीं. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि श्रम करून शिकण्याची वाट गरीब मुलांस दाखविली. १९३७ सालीं वर्धा येथील परिषदेंत महात्मा गांधींनीं हस्तोद्योगाच्या द्वारें शिक्षण देण्याची योजना मांडली. शाळांस त्यासाठीं उद्योग मुद्दाम उभा करावा लागतो. शेतकऱ्याच्या घरीं तो चाललेलाच आहे. मुलाला त्यांत हिशेबासह घ्यावयाचें एवढेंच उरतें.

एका गुंठ्याचें पीक

आमच्या वडील कन्येस अकरावें वर्ष लागलें तेव्हां, २००८ सालच्या कार्तिकांत, विहिरीजवळचा एक गुंठा आम्हीं तिच्याकडे दिला. सोबत शंभर पानांची एक वही दिली. डाव्या बाजूस जमा, उजव्या बाजूस खर्च, आणि रोजची नोंद रोज; एवढाच नियम सांगितला. काय पेरावें हें तिनेंच ठरवावयाचें होतें. तिनें मेथी पेरली.

महिन्याभरानें मेथी उपटावयास आली. एकंदर ३०० जुड्या झाल्या. पहिल्या आठवडे बाजारीं तीन रुपयांप्रमाणें १४० जुड्या गेल्या, ४२० रुपये आले. दुसऱ्या बाजारीं चहूंकडून मेथी आली. भाव एका रुपयावर उतरला आणि १०० जुड्यांचे १०० रुपये झाले. उरलेल्या ६० जुड्या म्हशीपुढें टाकाव्या लागल्या. जमा ५२०. खर्चाच्या बाजूस बी ७०, शेणखत ४०, जीपचें भाडें ४०, बाजारपट्टी १० आणि सुतळी ५, मिळून १६५. बाकी ३५५ रुपये राहिले. पोरगी हरखून साऱ्या घरांत वही दाखवीत फिरली.

आमच्या आईनें वही हातीं घेतली. तिला वाचतां येत नव्हतें, म्हणून नातीकडूनच एकेक ओळ वाचवून घेतली आणि विचारलें, "खुरपलं कुणी? जुड्या बांधल्या कुणी? माझा रोज कुठं लिहिलास?" दोघींचे मिळून चार रोज भरत होते. त्या वेळीं गांवांत बाईमाणसाचा रोज ६० रुपये होता. २४० रुपये मजुरीचे धरले तेव्हां ३५५ चे ११५ राहिले. पोरीचा चेहरा उतरला. परंतु नफा कोणता आणि आपल्याच घामाची मजुरी कोणती, हा भेद तिला अकराव्या वर्षीं कळला. आम्हांस स्वतःला तो कळावयास पुष्कळ उशीर लागला होता.

हा आजीचा हिशेब कांहीं अडाणी नव्हे. केंद्र सरकारनें १९६५ सालीं कृषि मूल्य आयोग नेमला. १९८५ पासून तो कृषि खर्च व मूल्य आयोग या नांवानें चालतो. तो आयोगही पिकाचा खर्च पायरीपायरीनें काढतो. हातून प्रत्यक्ष गेलेला खर्च ही पहिली पायरी. त्यांत घरच्या माणसांची मजुरी मिळविली कीं दुसरी. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचें व्याज धरलें कीं पुरा खर्च. आपण बहुतेक शेतकरी पहिल्याच पायरीवर उभे राहून 'यंदा बरें सुटलें' असें म्हणतों. मुलास निदान दुसरी पायरी तरी दाखवावी.

म्हशीपुढें टाकलेल्या साठ जुड्यांनींही एक धडा दिला. पुढच्या वेळीं कन्येनें गुंठा एकदम पेरला नाहीं. तीन वाफे करून दहा-दहा दिवसांच्या अंतरानें पेरले. हें आम्हीं सांगितलें नव्हतें.

शेकडा किती आणि किती मुदतीचे

वही लिहितां येऊं लागली म्हणजे व्याज शिकवावें. गांवांत 'तीन टक्क्यांनीं पैसे घेतले' असें म्हणतात, तें शेकडा दरमहा असतें. बँकेच्या पाटीवर 'बारा टक्के' असें लिहितात, तें दरसाल असतें. तीन लहान आणि बारा मोठे, म्हणून गांवचा पैसा स्वस्त समजणारे मोठमोठे लोक आहेत. मुलापुढें १०,००० रुपयांचें उदाहरण मांडावें. दरमहा शेकडा ३ रुपयांनीं वर्षाचें व्याज ३,६०० रुपये होतें. दरसाल १२ टक्क्यांनीं तेंच १,२०० होतें. पीककर्जाच्या ७ टक्क्यांनीं ७०० होतें. आणि मुदतींत फेड केली तर केंद्र सरकारची ३ टक्के सूट मिळून ४०० च राहतें. राज्य शासनाच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेंत तर ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जावर, मुदतींत फेड करणाऱ्यास, तेंही व्याज माफ होतें. तेव्हां त्याच दहा हजारांचें व्याज एका घरीं शून्य आणि दुसऱ्या घरीं छत्तीसशें पडतें. मुदतीची तारीख चुकली कीं सवलत गेली; म्हणून घरांतल्या दिनदर्शिकेवर ती तारीख मुलाच्या हातून लिहवून घ्यावी.

दरमहा ३ टक्क्यांनीं मुद्दलाइतकें व्याज व्हावयास ३३ महिने १० दिवस लागतात. हें गणित मुलानें स्वतः करून पाहिलें म्हणजे लग्नकार्यासाठीं असा पैसा उचलावा काय, हा प्रश्न पुढें तोच विचारील. विनापरवाना सावकारी हा २०१४ च्या कायद्यानें गुन्हा आहे हेंही त्यास सांगावें. परंतु कायद्यापर्यंत जाण्याची वेळ येण्यापूर्वीं गणित उपयोगीं पडतें.

मुदत मागण्याचें धैर्य

पुढच्या उन्हाळ्यांत कन्येनें कोथिंबीर लावावयाची ठरविली. उन्हाळ्यांत तिला भाव असतो. तिला २०० रुपये हवे होते. आम्हीं ते बक्षीस न देतां कर्जाऊ दिले. व्याज दरमहा शेकडा १ रुपया आणि मुदत दोन महिने, असें वहींत लिहून दोघांनीं सह्या केल्या. बी उगवून वर आलें. इतक्यांत आजोळच्या गांवची जत्रा आली, ती चार दिवस तिकडे गेली, आणि जातांना वाफ्यास पाणी देण्याविषयीं कोणास सांगून गेली नाहीं. आम्हीं तें पाहिलें होतें. पाणी देणें आम्हांस कठीण नव्हतें. परंतु दिलें नाहीं. परत आली तेव्हां वाफे करपले होते.

त्यावरून घरांत आम्हांस पुष्कळ ऐकून घ्यावें लागलें. मंडळी म्हणाल्या, "लेकरू आहे, दोनशें रुपये सोडून द्या." आमच्याही मनांत तेंच होतें. तथापि सोडून दिले तर कर्ज म्हणजे काय हें तिला कसें कळावें, आणि तगादा लावला तर ती वहीला कायमची भिईल, या पेंचांत आम्ही गप्प राहिलों.

मुदतीच्या आदल्या संध्याकाळीं ती वही घेऊन आपण होऊन आली. म्हणाली, "अण्णा, उद्यां मुदत आहे. माझ्याकडं ऐंशी रुपये आहेत. बाकीचे मेथी निघाल्यावर देते. मला दीड महिना पाहिजे." वहींत खर्चाच्या खालीं तिनें लिहिलें होतें: 'कोथिंबीर गेली. पाणी दिलें नाहीं.' आम्हीं ८० रुपये घेतले. त्यांतून ४ रुपये व्याजाचे व ७६ मुद्दलाचे जमा केले. १२४ बाकी लिहून मुदत वाढवून दिली. दीड महिन्यानें तिनें २ रुपये व्याजासह १२६ रुपये आणून दिले आणि बरोबर व्याज १ रुपया ८६ पैसेच होतें, चौदा पैसे आपण जास्त घेतले, हेंही दाखवून दिलें.

त्या रात्रीं आम्हांस पुष्कळ वेळ झोंप आली नाहीं. देवघराची फळी डोळ्यांपुढें येत होती. तीर्थरूपांनीं एक दिवस येऊन 'हप्ता चुकतो आहे' एवढेंच म्हटलें असतें तर आईच्या पाटल्या हातांतच राहिल्या असत्या. आणि आम्हीं कधीं विचारलें असतें तर त्यांनीं सांगितलेंही असतें. परंतु विचारण्याची व सांगण्याची वाट आमच्या घरांत कोणी पाडलीच नव्हती. अकरा वर्षांच्या मुलीला जें जमलें तें सत्तरीच्या त्या स्वाभिमानी माणसाला जमलें नाहीं, यांत त्यांचा दोष नाहीं. त्यांना लहानपणीं कोणी वही दिली नव्हती.

आमच्या मतें हीच या शिक्षणांतील मुख्य गोष्ट आहे. काटकसर, बचत, भाव पाहून विकणें हें सारें चांगलेंच. परंतु अडचण मुदतीपूर्वीं सांगणें हें त्याहून अधिक उपयोगाचें आहे. नैसर्गिक आपत्ति जाहीर झाली असतां बँकांस पीककर्जाच्या हप्त्यांची फेरबांधणी करून देतां येते. परंतु नोटीस फडक्याखालीं ठेवणाऱ्यास तिचा काय उपयोग? सोसायटीच्या सचिवापुढें जाऊन स्पष्ट बोलणारा माणूस घरींच, बापापुढें बोलूनच तयार होतो.

वर्षांतून एक संध्याकाळ

१ ऑगस्ट हा महसुली वर्षाचा पहिला दिवस होय. त्या दिवसाच्या आसपास एका संध्याकाळीं घरांतील सर्व माणसांनीं बसून कागद वाचावे, असा प्रघात आम्हीं घरीं ठेविला आहे. व्यापारी लक्ष्मीपूजनास वही पूजितो, आपण पोळ्यास बैल पूजितों. शेतकऱ्यानेंही एक दिवस वहीला द्यावा. सातबारा, आठ-अ, सोसायटीचें व बँकेचें पासबुक, विजेचें बिल, पीकविम्याची पावती, एवढे कागद एका पत्र्याच्या पेटींत असावे आणि ते मुलानें मोठ्यानें वाचावे.

सातबाऱ्यांत वरचा भाग गांव नमुना सात. त्यांत भोगवटादाराचें नांव, क्षेत्र, पोटखराबा, आकार आणि इतर हक्क असतात. खालचा भाग नमुना बारा; त्यांत पिकांची नोंद. २०२१ पासून ही पीकपाहणी शेतकऱ्यानें स्वतः मोबाईलवरून करावयाची झाली, आणि बहुतेक घरीं तें काम मुलगाच करतो. म्हणजे बारा नंबर तो भरतो, परंतु सात नंबर त्यानें वाचलेला नसतो. तो वाचवावा, आणि 'इतर हक्क' हा रकाना तर बोट ठेवून वाचवावा. खरेदी, वारसा किंवा वांटणी यांनीं जमिनींत हक्क आला तर तीन महिन्यांत तलाठ्यास कळवावें लागतें. २०२४ पासून तलाठ्यास ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. फेरफाराची नोटीस आली तर ती ठेवून न देतां त्याच दिवशीं घरांत वाचावी, कारण हरकत घेण्याची मुदत थोड्या दिवसांचीच असते.

या बैठकींत मुली अवश्य असाव्या. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतींत हिंदु कुटुंबांतील मुलीस मुलाइतकाच हक्क आहे, आणि तो मिळण्यासाठीं त्या दिवशीं बाप हयात असण्याची गरज नाहीं असें सर्वोच्च न्यायालयानें ऑगस्ट २०२० मध्यें स्पष्ट केलें. पुष्कळ भगिनी हक्कसोडपत्रावर सही करण्यासाठीं आमच्या मेजापुढें आल्या. कोणी राजीखुषीनें सोडीत, कोणी भिडेनें. परंतु आपण काय सोडतों आहों हें वाचून सही करणारी क्वचितच भेटली. द्यावयाचें तर वाचून द्यावें, ठेवावयाचें तर वाचून ठेवावें. भावाबहिणींनीं लहानपणीं एकत्र उतारा वाचला असेल तर पुढें वाद थोडे होतील, असें आम्हांस वाटतें.

दहा वर्षांवरील मुलास बँकेंत स्वतःच्या नांवें बचत खातें उघडून स्वतः चालविण्याची मोकळीक रिझर्व्ह बँकेनें एप्रिल २०२५ च्या परिपत्रकानें दिली आहे. रकमेची मर्यादा बँक ठरविते. वाफ्यांतले पैसे त्यांत भरावे. याच वेळीं मोबाईलवरील पैशाची शिस्त लावावी. बापाच्या मोबाईलवरून पैसे देणारीं मुलें आतां घरोघर आहेत. पैसे बोटानें जातात, मोजून जात नाहींत, म्हणून ते वहींत लवकर येत नाहींत. दिलेला प्रत्येक रुपया संध्याकाळीं वहींत चढला पाहिजे, आणि गुप्त अंक कोणी मागितला तर तो आपल्या बँकेचा माणूस नव्हे एवढें पक्कें समजलें पाहिजे.

दोन शंका

कोणी म्हणतील, अशानें मुलें पैशाचीं लोभी होतील. आमचा अनुभव उलट आहे. ज्याला पैसा कसा येतो हें कळलें त्यानें तो उधळलेला आम्हीं थोडाच पाहिला. एक पथ्य मात्र पाळावें: घरांतल्या रोजच्या कामाचे मुलांस पैसे देऊं नयेत. आजीला पाणी देण्याचा दर ठरूं लागला तर घर तें घर राहणार नाहीं. वाफा हा व्यवहार. घर हें कर्तव्य.

दुसरी शंका अधिक खरी आहे. कर्जाचें ओझें कोंवळ्या मनावर कां घालावें? यास उत्तर असें कीं, वय पाहून सांगावें. सात वर्षांच्या मुलास आंकडा नको. 'यंदा हात आंखडून राहावयाचें आहे' एवढें पुरे. बाराव्या वर्षीं कर्ज कशासाठीं काढलें तें सांगावें. सोळाव्या वर्षीं रक्कम, व्याज व मुदत सांगावी. मुलांस कांहीं कळत नाहीं असें समजणें हा आपला भ्रम आहे. बापाचा उतरलेला चेहरा त्यांस दिसतोच. कारण न कळल्यानें तीं अधिक घाबरतात. आणि जो बाप आपली अडचण घरांत बोलूं शकतो तो एकटा पडत नाहीं. आपल्या प्रांतांत कित्येक शेतकऱ्यांनीं कर्जापायीं जीव दिले, आणि मागें राहिलेल्यांस कर्जाचा खरा आंकडा नंतरच कळला, अशीं घरें आम्हांस ठाऊक आहेत. हें लिहितांना हात जड होतो.

आमची कन्या आतां संसारी आहे आणि तिच्या सासरच्या शेताची वही तीच लिहिते. आमचे चिरंजीव आमच्याजवळ शेती पाहतात. गेल्या श्रावणांत नेहमींप्रमाणें कागद वाचावयास बसलों तेव्हां ठिबक संचासाठीं घेतलेल्या कर्जाचा दुसरा हप्ता या वर्षीं जड जाईल असें त्यांनींच सर्वांपुढें सांगितलें. आम्हीं निवृत्तिवेतनांतून अर्धा भार उचलला, अर्ध्यासाठीं ते दुसऱ्या दिवशीं बँकेंत जाऊन बोलून आले. आमच्या आईस आतां नीट ऐकूं येत नाहीं. तिनें नातवास तें दोनदां मोठ्यानें सांगावयास लावलें, आणि मग पेटी बंद करावयास सांगितली.

वाचक बंधूंनीं या हंगामांत एवढेंच करून पाहावें. एक गुंठा, एक वही, आणि कागद वाचण्याची एक संध्याकाळ. ज्यांस कोरडवाहूमुळें गुंठा देतां येत नसेल त्यांनीं दोन कोंबड्या किंवा एक शेळी द्यावी. वही तीच चालेल.

— एक निवृत्त महसूल कारकून